"तात्पर्य काय?" विचारायचं नाही: शिशुवर्गात रोज पुस्तक कसं वाचायचं

जूनमध्ये शाळा सुरू झाली की नव्याने लागलेल्या ताया हमखास विचारतात, अहो ताई, मुलं गोष्टीला बसतच नाहीत, पाच मिनिटांत एकाला पाणी हवं, एकाला शू, मागं दोघांची मारामारी, तुम्ही रोज पुस्तक वाचता तरी कसं? मी मिरजेला मराठी शाळेत शिशुवर्ग घेते, सतरा वर्षं झाली, आणि खरं सांगू का, पहिली दोन वर्षं माझ्याकडंही कुणी बसत नव्हतं. तेव्हा जे करत होते आणि आता जे करते ते सगळं इथं लिहिते, पटेल ते घ्या.

आधी माझी चूक सांगते. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगितली, टुणूक टुणूक करून झालं, मुलं खूश, आणि मी आपलं सवयीनं विचारलं, "मग या गोष्टीतून आपण काय शिकलो?" सगळा वर्ग एका सुरात, "खोटं बोलू नये!" आता बघा, त्या गोष्टीत म्हातारी वाघाला सरळ थाप मारते, लेकीकडं जाऊन तूपरोटी खाऊन लठ्ठ होऊन येते मग खा मला म्हणते, येताना भोपळ्यात बसून परत बनवते, म्हणजे खोटं बोलली म्हणून तर जिवंत राहिली बिचारी. मला इतकं हसू आलं. पण घरी जाताना लक्षात आलं की मुलांनी बरोब्बर ओळखलंय, गोष्ट संपली की ताई परीक्षा घेते आणि "खोटं बोलू नये" हे उत्तर सगळीकडं चालतं. त्या दिवसापासून तात्पर्य बंद केलं. "मोराचा रंग कोणता होता" वगैरे पण बंद. गोष्ट संपली की फक्त एक विचारते, "कुठलं पान परत बघायचंय?" बस. कुणी म्हणतं वाघाचं, कुणी म्हणतं ते चंद्राचं, तेवढी दोनतीन पानं परत दाखवायची, आणि ती बघताना मुलं आपणहून इतकं बोलतात की दहा प्रश्न विचारून निघालं नसतं.

आता पुस्तक निवडायचं कसं. चार-पाच वर्षांच्या मुलांना पानावर एक मोठं चित्र आणि एक-दोन ओळी, जास्तीत जास्त तीन, आणि एखादी ओळ परत परत येणारी असली तर सोन्याहून पिवळं. माझी एक टेस्ट आहे, पुस्तक भिंतीला टेकवून उघडं ठेवायचं आणि आठ-दहा फूट लांब जाऊन उभं राहायचं. कोण काय करतंय ते तिथून कळलं तर वर्गाला वाचायचं, नाही कळलं तर ते पुस्तक वाईट असं नाही, ते मांडीवर घेऊन तिघाचौघांना वाचायचं पुस्तक. बारीक बारीक चित्रांची सुंदर पुस्तकं मी आधी अख्ख्या वर्गाला दाखवायचे आणि मग "ताई दिसत नाही, ताई दिसत नाही" करत सगळे अंगावर यायचे, त्यात मुलांची काय चूक.

मिळतात कुठं म्हणाल तर ज्योत्स्ना प्रकाशनची चित्रपुस्तकं बघा, माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यात आपल्या घरातल्यासारखी घरं असतात, गॅलरीत वाळत घातलेले कपडे असतात. मुलं लगेच "आमच्यात पण असंच आहे" म्हणतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका मराठीत आहे आणि स्वस्त पडते. आणि पैसेच नसतील तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट, 2015 पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठी पुस्तकं भरपूर, लेव्हल 1, म्हणजे सगळ्यात सोपी, ती घ्यायची आपण, डाउनलोड करून प्रिंट काढायला पण परवानगी आहे, चोरी वगैरे नाही ती. फक्त मोबाईलवर दाखवू नका हो. पाच इंचाच्या स्क्रीनवर वीस-पंचवीस डोकी म्हणजे परत तेच, मारामारी.

पुस्तक वर्गात न्यायच्या आधी घरी तीनदा मोठ्यानं वाचायचं. मी भाजी शिजेपर्यंत ओट्यापाशी उभी राहून वाचते, आमचे हे म्हणतात परत तुझं म्याऊ म्याऊ सुरू झालं. मनात वाचून कळत नाही की जीभ कुठं अडखळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पान कुठं उलटायचं ते बघून ठेवा. "दार उघडलं आणि आत होता..." इथं थांबायचं, पानाचा कोपरा नुसता बोटात धरायचा, उलटायचा नाही, चार-पाच सेकंद. सगळा वर्ग श्वास धरून बसतो. नवीन ताया हे पान गडबडीनं उलटतात आणि मग म्हणतात मुलांचं लक्ष नसतं.

बसवायचं कसं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ट्रेनिंगमध्ये पण नाही. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर मुलांना तुम्ही आणि पुस्तक दोन्ही काळंच दिसतं, मुलं डोळे बारीक करतात आणि मग कंटाळतात. तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसा, मुलांची पाठ खिडकीकडं, म्हणजे उजेड पुस्तकावर पडतो. बसकर पट्ट्या अर्धगोलात, दोन ओळी, बुटकी पुढं. पुस्तक पोटाशी धरायचं नाही, कानाशेजारी बाजूला धरायचं, खालून मधोमध हात लावून, म्हणजे अंगठा चित्रावर येत नाही. ओळी साधारण पाठ असल्या की तिरकं बघून वाचता येतं. आणि पान दाखवताना आरतीचं ताट फिरवतो तसं सावकाश डावीकडून उजवीकडं, शेवटच्या मुलापर्यंत. शेवटच्याला माहीत झालं ना की आपल्यापर्यंत येतंच, की तो उठत नाही. याला माझ्या वर्गात दोन आठवडे लागतात, तेवढे जाऊ द्या.

वेळ डब्याच्या आधीची नको, भुकेली असतात. डबा झाल्यावर, हात धुवून झाल्यावर, दहा-बारा मिनिटं, जास्त नाही. एक तरी वळवळ्या असतोच, त्याला "गप बस" म्हणत बसण्यापेक्षा पान उलटायचं काम द्यायचं. आणि एखाद्याला उभं राहून किंवा पालथं पडून ऐकायचं असेल तर ऐकू दे की, कान उघडे आहेत ना.

वाचताना फार नाटकीपणा करू नका, म्हणजे वाघाचा आवाज काढा जरूर, पण प्रत्येक वाक्याला हातवारे केले की मुलं पुस्तक सोडून ताईकडंच बघतात. वर्ग गोंगाट करायला लागला की मी आवाज चढवत नाही, उतरवते, अगदी कुजबुजते, पुढची मुलं मागच्यांना "शूऽऽ" करतात, माझं काम होतं. अवघड शब्द गाळू नका आणि दर शब्दाला थांबून अर्थ सांगू नका. "ढोली" शब्द आला, चित्रात झाडाच्या पोटात घुबड बसलंय, मुलांना कळतं. दुसऱ्या दिवशी एकजण दप्तरात डोकं घालून म्हणत होता मी ढोलीत आहे.

एकच पुस्तक आठवडाभर वाचायचं, सोमवार ते शुक्रवार. हे ऐकून सगळ्यांचा चेहरा पडतो, मुलं कंटाळतील म्हणतात. कंटाळा आपल्याला येतो, मुलांना नाही. सोमवारी सरळ वाचायचं, मध्ये काही नाही. मंगळवारी परत येणारी ओळ आली की आपण गप्प, मुलं म्हणतात. बुधवारपर्यंत निम्मं पुस्तक पाठ असतं, तेव्हा मी ओळीखालून बोट फिरवते, सावकाश. इथं गंमत होते, मुलांना पहिल्यांदा दिसतं की ताई बोलते ते या काळ्या रेघांमधून येतंय. एका पोरीनं विचारलं होतं, अक्षरं दोरीवर वाळत का घातलीत? शिरोरेषा तिला कपड्यांच्या दोरीसारखी दिसली, आता मी पण तसंच शिकवते. गुरुवार-शुक्रवार पुस्तक मुलांच्या हातात. उलटं धरून, बोट भलतीकडं, पण बरोब्बर त्या पानाला तेच वाक्य म्हणतात. "हे वाचणं नाही, पाठांतर आहे" असं कुणी म्हणलं तर म्हणू दे. वाचायची सुरुवात अशीच होते.

आमच्याकडं मिरजेला बरीच मुलं घरी कन्नड बोलतात, काही हिंदी. मागच्या वर्षी एक मुलगी दिवाळीपर्यंत तोंडच उघडत नव्हती, नुसती पट्टीच्या कडेचे दोरे ओढत बसायची. मांजराचं पुस्तक चालू होतं, बुधवारी मी पान उलटलं आणि ती हळूच म्हणाली, "बेक्कु." मला कन्नड फार येत नाही पण एवढं येतं. म्हणलं, हो गं, बेक्कु! कुठं चाललंय बेक्कु? तिनं दोऱ्याचं बोट चित्राकडं केलं. मग काय, अख्खा वर्ग बेक्कु बेक्कु, शेवटची तीन पानं आम्ही मांजर हा शब्द वापरलाच नाही. शुक्रवारी तीच पुस्तक घेऊन बसली होती आणि अर्धं मराठी अर्धं कन्नड असं शेजारणीला "वाचून" दाखवत होती. तर मुलांची घरची भाषा पुस्तकात येऊ द्या, मग ती मालवणी असो, अहिराणी असो, "असं नाही म्हणायचं" करून तिथंच गप्प करू नका.

पालकांचं सांगायलाच पाहिजे. "ताई, पाटीवर काय लिहून घेतलं आज?" हा रोजचा प्रश्न. शेजारच्या इंग्लिश मीडियमच्या पोराला शंभरपर्यंत आकडे येतात हे वर. मी भांडत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडी ते दुसरी, आणि त्यात खेळ, गोष्टी, बोलणं यावर भर आहे, हे मी पालकसभेत एकदा सांगते. ग म भ न आम्ही घेतोच, मोठ्या गटात, पण मुलाला पुस्तकातला "भ" भोपळ्यामुळं आधीच ओळखीचा झालेला असतो. सभेत सांगण्यापेक्षा एका पालकाला वर्गात बोलावून गोष्टीला बसवा, पुढचं तो स्वतःच ग्रुपवर लिहितो.

वर्गात पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका. आमच्या आधीच्या एका शाळेत पुस्तकं नवीकोरी राहिली पाहिजेत म्हणून तपासणीच्या दिवशीच बाहेर निघायची. मी या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधते, मुलांच्या छातीच्या उंचीवर, आणि पुस्तकं मधल्या पानावर उघडून दोरीवर टाकते, मुखपृष्ठ समोर. कणा दिसून पाच वर्षांच्या मुलाला काय कळणार. एका वेळी दहा-बाराच, दर पंधरा दिवसांनी बदलायची. फाटतात. फाटणारच. शुक्रवारी "पुस्तकांचा दवाखाना", ज्यानं फाडलं त्यानंच पारदर्शक चिकटपट्टी धरायची, रागवायचं नाही.

घरी द्यायला जुन्या साडीच्या पिशव्या शिवून घेतल्यात, शुक्रवारी नेऊन सोमवारी परत. आजीला वाचता येत नाही म्हणून पुस्तक नको असं एका घरून आलं होतं, मी निरोप दिला की चित्रं बघून तुमची गोष्ट सांगा, पुस्तकातलीच पाहिजे असं नाही. ते पुस्तक हळदीचे डाग पडून परत आलं आणि मुलानं वर्गात तीच गोष्ट भलतीच सांगितली, त्यात म्हैस होती, पुस्तकात म्हैसच नाही.

पुस्तकं कमी पडली तर करा की. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम करत होत्या तेव्हा महागडी साधनं कुठून आणणार, शंखशिंपले, पानं, बिया हीच साधनं, आणि मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी शब्द तिथलाच. आपल्याकडं तर जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, खोक्यांचे पुठ्ठे पडलेले असतात. कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मुलं चित्र काढतात, खाली मी ती जे बोलतील ते तसंच लिहिते, सुधारून नाही. आमच्या "शाळेचा नळ" पुस्तकात पहिल्या पानावर आहे, "नळाला काल पाणी आल्तं." दुसऱ्या पानावर, "आज नळ झोपलाय." मोठ्या सुईनं सुतळीचे तीन टाके घातले की झालं, स्टेपलर नको, पिना बोटाला लागतात. दोरीवरचं सगळ्यात जास्त हाताळलेलं पुस्तक हेच आहे, तिसरी प्रत करावी लागली.

आणि एखादं पान कायमचं हरवलं तर पुस्तक टाकून देऊ नका. आमच्या सिंहाच्या पुस्तकातलं मधलं पान चार वर्षांपूर्वी गेलं, सिंह नदीच्या अलीकडं आहे आणि पुढच्या पानावर एकदम पलीकडं, ओला न होता. तिथं आलं की मी थांबते. आतापर्यंत तो पुलावरून गेलाय, हेलिकॉप्टरनं गेलाय, मगरीच्या पाठीवरून गेलाय, आणि यावर्षी एकानं सांगितलं की सिंह एसटीनं गेला आणि त्याला खिडकीची जागा मिळाली.