औषधाआधी अंड्याकडे पाहा: कोंबडीच्या भ्रूणावरील प्रयोगांत या चुका टाळा

एखाद्या औषधाचा वाढत्या गर्भावर काय परिणाम होतो हे तपासायचं, तर एम.एस्सी.च्या प्रकल्पात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात बहुतेकदा कोंबडीचं अंडं हाती येतं. ते स्वस्त असतं, पिल्लू २१ दिवसांत बाहेर येतं आणि कवचाला खिडकी पाडली की भ्रूण डोळ्यांसमोर असतो. मात्र थिसिसमध्ये ‘औषधाचा परिणाम’ म्हणून नोंदलेली विकृती पुष्कळदा औषधाने नव्हे, तर हाताळणीने आलेली असते.

किराणा दुकानातली अंडी आणू नका. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतो, त्यामुळे ती अफलितच असतात. गावरान अंडं फलित असेलही, पण किती दिवसांचं आहे ते कळत नाही. हॅचरीतून, घातल्याची तारीख विचारूनच घ्या. १३ ते १६ अंश सेल्सिअसला ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. साधारण २१ अंशांच्या वर भ्रूण हळूहळू वाढू लागतो. मे महिन्यात ट्रे दुपारभर टेबलावर राहिला, तर उबवणी तिथेच सुरू झालेली असते आणि तुमचा ‘शून्य तास’ खोटा ठरतो. थंड अंडी थेट इन्क्युबेटरमध्येही ठेवू नका. कवचावर दव धरतं आणि जंतूंना छिद्रांतून आत शिरायला वाट मिळते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग ३७.५ ते ३८ अंश.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तासांनाच वय मानणं. भ्रूणशास्त्रज्ञ हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ साली भ्रूणाच्या रचनेवरून ठरवलेले वाढीचे ४६ टप्पे याचसाठी आहेत. दहाव्या टप्प्यावर सोमाइटच्या (पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तयार होणाऱ्या ऊतींच्या ठोकळ्यांच्या) १० जोड्या दिसतात, पण तिथे पोहोचायला ३३ ते ३८ तास लागतात, म्हणजे एकाच ट्रेमध्ये पाच तासांचा फरक सहज पडतो. आता ४८ तासांनी उघडलेल्या भ्रूणात मेंदूकडचा न्यूरोपोर, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनणाऱ्या मज्जानलिकेचं टोकाचं तोंड, उघडा दिसला, की लगेच मज्जानलिकेचा दोष लिहिला जातो. आधी सोमाइट मोजा. दहाच जोड्या असतील तर न्यूरोपोर उघडा असणं स्वाभाविक आहे, तो साधारण बाराव्या टप्प्यापर्यंत मिटतो. असा भ्रूण मागे पडलेला आहे, विकृत नव्हे. वाढ खुंटणं आणि रचना बिघडणं हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत, त्यांचे रकानेही वेगळे हवेत.

खिडकी पाडताना अंडं आडवं ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. बोथट टोकाकडून १८ नंबरची सुई खालच्या दिशेने तिरकी घालून ३ ते ४ मिली पांढरा बलक काढा, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली उतरतो. सिरिंजमध्ये पिवळं दिसलं तर पिवळा बलक फुटला आहे, ते अंडं बाद. कापण्याआधी वर सेलोटेप चिकटवा, नाहीतर कवचाचे तुकडे भ्रूणावर पडतात.

आणि इथेच कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी औषध न दिलेल्या गटाचा, प्रश्न येतो. पहिल्याच दिवशी खिडकी पाडली, तर काहीही न टोचता मज्जानलिकेचे दोष येऊ शकतात. म्हणून एक कंट्रोल पुरत नाही. न उघडलेली अंडी, फक्त खिडकी पाडलेली अंडी आणि तेवढ्याच मात्रेत नुसतं द्रावक (औषध ज्यात विरघळवतात ते) दिलेली अंडी, असे तीन गट ठेवा. डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक स्वतः भ्रूणाला घातक ठरू शकतं, त्यामुळे सर्व डोसमध्ये त्याचं प्रमाण सारखं हवं. डोस वाढवताना द्रावकही वाढलं, तर दिसणारा डोसचा परिणाम द्रावकाचा असू शकतो. रिंगर (भ्रूणासाठी वापरायचं क्षारांचं द्रावण) बनवताना सस्तन प्राण्यांची कृती उचलू नका. कोंबडीसाठी लिटरला ७.२ ग्रॅम मीठ, ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि ०.१७ ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराइड घ्या.

एका ट्रेची अंडी सर्व गटांत चिठ्ठ्या टाकून वाटा. पहिला ट्रे कंट्रोलला आणि दुसरा औषधाला दिलात, तर ट्रेमधला फरकच औषधाच्या नावावर जातो. नमुन्याची संख्या म्हणजे अंड्यांची संख्या. एका भ्रूणाचे ३० छेद (पातळ काप) मोजले तरी नमुना एकच. वीज जाऊन तापमान घसरलं किंवा चढलं, तर त्या खेपेतली अंडी कंट्रोलसकट बाजूला काढा. फक्त औषधाच्या गटातली वाईट अंडी वगळणं चालत नाही.