संशोधन पद्धतीचं प्रकरण लिहिताना या चुका टाळा

अनेक प्रबंधांत हे प्रकरण उघडलं की पहिली आठ-दहा पानं 'संशोधन म्हणजे काय', त्याचे प्रकार, नमुना निवडीचे प्रकार यांतच जातात. परीक्षकाला ते सगळं पाठ असतं. त्याला हवं असतं ते एवढंच, की तुम्ही काय केलं आणि तसंच का केलं. माझा निकष सोपा आहे: जो परिच्छेद दुसऱ्या कुणाच्याही प्रबंधात जसाच्या तसा बसेल, तो काढून टाका.

दुसरी चूक आळसातून होते. काम सुरू करण्याआधी दिलेल्या संशोधन आराखड्यातला मजकूर उचलला जातो आणि 'माहिती गोळा केली जाईल' हा भविष्यकाळ तसाच राहतो. काम झालंय, तर भूतकाळात लिहा.

खरी पडझड नमुना निवडीत होते. ओळखीच्या ग्रुपवर गूगल फॉर्म पाठवायचा आणि प्रबंधात 'यादृच्छिक पद्धतीने निवड केली' असं लिहायचं! यादृच्छिक म्हणायला मुळात यादी लागते, आणि त्या यादीतून चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक आकड्यांनी निवड व्हावी लागते. तुमचा नमुना सोयीस्कर, म्हणजे सहज हाताशी आलेल्या लोकांचा असेल तर सरळ तसं लिहा. त्यात कमीपणा नाही. व्हायव्हात पकडलं जाण्यात आहे.

तसाच नमुन्याचा आकार म्हणून सर्रास लिहिला जाणारा तो 384 आकडा. तो येतो 1.96² × 0.25 ÷ 0.05² या हिशोबातून, म्हणजे 95 टक्के विश्वास पातळी, 5 टक्के त्रुटी आणि 0.5 प्रमाण धरून. हे सूत्र मोठ्या समष्टीतून (ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा त्या सगळ्यांतून) यादृच्छिक नमुना घेऊन टक्केवारीचा अंदाज बांधण्यासाठी आहे. सोयीस्कर नमुन्याला त्याचा आधार मिळत नाही. दोन गटांच्या सरासरींची तुलना करायची असेल तर हिशोबच वेगळा: मध्यम परिणाम (सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या 0.5 पट), 5 टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक 'आहे' म्हणण्याची जोखीम) आणि 80 टक्के सामर्थ्य (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरलं तर टी-चाचणीला प्रत्येक गटात 64 जण लागतात. गळतीही दाखवा. 500 प्रश्नावल्या वाटल्या, 410 परत आल्या, 26 अपूर्ण म्हणून बाद, उरल्या 384. हे एक वाक्य नसलं की शंका सुरू होतात.

क्रोनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 0.7च्या खाली, किंवा चक्क ऋण आला? आधी उलट अर्थाची विधानं तपासा. त्यांचे गुण उलटवायचे राहून गेलेले असतात. मग पाहा, सगळ्या प्रश्नावलीचा मिळून एकच अल्फा काढलाय का. समाधान आणि ताण या वेगळ्या संकल्पना असतील तर अल्फाही वेगवेगळे हवेत. आणि 0.9 मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. विधानांची संख्या वाढवली की अल्फा एरवीही वाढतो. प्रश्नावली योग्य तेच मोजते का, हा वैधतेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मुलाखतींवर काम करणारे उगाच 'नमुना लहान आहे' अशी माफी मागतात. त्याऐवजी ते 12 जण का निवडले, मुलाखती कुठे थांबवल्या, संकेतन (उत्तरांतल्या मुद्द्यांना नावं देऊन गट पाडणं) कसं केलं, ते लिहा.

लिहायला बसण्याआधी उद्दिष्ट, माहिती, साधन, विश्लेषण असा चार रकान्यांचा तक्ता करा. एखाद्या उद्दिष्टासमोर रकाना रिकामा राहिला, तर अडचण लिखाणाची नाही. मार्गदर्शकांकडे तो तक्ताच घेऊन जा.