पहिली २.८ ची झूम: सिग्मा १८-५० घ्यावी की टॅमरॉन १७-७०?

किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सवर, वर्षभर काम केलं की बहुतेकांची तक्रार एकच असते, उजेड पुरत नाही. १६-५० मिलिमीटरची किट लेन्स ५० वर नेली की ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. हा एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. तिथे सगळ्या रेंजमध्ये एफ २.८ देणारी झूम लावली तर दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड, हातात येतात. म्हणजे जो फोटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) ६४०० ला काढावा लागत होता तो १६०० ला निघतो, आणि आयएसओ कमी तितके फोटोतले दाणे कमी. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या फुल फ्रेम सेन्सरपेक्षा लहान सेन्सरवर, हा फरक शालूच्या जरीत आणि चेहऱ्याच्या पोतात लगेच दिसतो.

मी चिपळूणला राहते. लग्नं, मुंजी, बारशी, घरचे गणपती आणि शिमग्यातल्या पालख्या हे माझं काम, आणि ते मी क्रॉप सेन्सरच्या सोनीवर करते. सोनीची स्वतःची १६-५५ एफ २.८ उत्तम लेन्स आहे, त्यात वादच नाही. पण तिच्या किमतीत सिग्मा किंवा टॅमरॉन येऊन वर फ्लॅश आणि जास्तीच्या बॅटऱ्यांना पैसे उरतात, आणि नवीन माणसाच्या कामाला त्या पैशांचा उपयोग जास्त होतो. म्हणून पहिली चांगली झूम बाहेरच्या कंपनीची घ्या, असं मी निक्षून सांगते.

खरी निवड दोघींतच आहे. टॅमरॉन १७-७० ही ५२५ ग्रॅमची, १२ सेंटिमीटर लांब, ६७ मिलिमीटरचा फिल्टर लागणारी, आणि लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन (हाताचा थरकाप सावरणारी यंत्रणा) असलेली. टॅमरॉन त्याला व्हीसी म्हणते. सिग्मा १८-५० ही २९० ग्रॅमची, साडेसात सेंटिमीटरच्या आसपास लांब, ५५ चा फिल्टर, आणि स्टॅबिलायझेशन नाही. दोन्ही सगळ्या रेंजमध्ये २.८. इंटरनेटवर या दोघींच्या शार्पनेसची तुलना करणारे तासन्‌तासांचे व्हिडिओ आहेत. ते सगळ्यात शेवटी बघा, नाही बघितले तरी चालेल. नीट बनलेला नग हाती आला तर दोन्ही लेन्स लग्नाच्या अल्बमला पुरून उरतात.

आधी आपल्याला मागे किती सरकता येतं ते बघा. कोकणातल्या जुन्या घरात गणपतीचं मखर माजघरात असतं, समोर आरतीला सगळं घर उभं, आणि तुमच्या पाठीला भिंत. समजा माणसांपासून तुम्ही ३ मीटरवर आहात. सोनीच्या क्रॉप सेन्सरवर १८ ला साधारण ३.९ मीटर रुंदीचा पट्टा फ्रेममध्ये बसतो, १७ ला सव्वाचार मीटरच्या जरा आत. हा वीतभर फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात कडेला उभी असलेली एक आजी फ्रेममध्ये येते किंवा अर्धी कापली जाते. किट लेन्सच्या १६ वर हाच पट्टा ४.४ मीटरचा असतो, तेव्हा दोन्ही नव्या लेन्समध्ये थोडी रुंदी सोडावी लागणार हे धरून चला. कॅननवाल्यांनी आणखी जपून राहावं. त्यांचा क्रॉप (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा किती पट लहान तो आकडा) सोनीसारखा १.५ नाही, १.६ आहे, त्यामुळे १८ ला ३.७ मीटरच मिळतात.

अंदाज बांधण्यापेक्षा स्वतःचे जुने फोटो तपासा. लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररीच्या मेटाडेटा फिल्टरला फोकल लेंथ निवडली की कुठल्या लांबीवर किती फोटो काढलेत ते समोर येतं. फुकट हवं तर डार्कटेबलमध्येही फोकल लेंथवर फोटो गाळता येतात. गेल्या हंगामातले फक्त क्लायंटला दिलेले फोटो घ्या, सगळे घेऊ नका. ढीग १६ वर साठलेला दिसला तर रुंद बाजू तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. मग या दोन्हीपेक्षा वेगळी एखादी रुंद लेन्सही लागेल, त्याचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा. ढीग ५० वर असेल तर तुम्ही किट लेन्सच्या टोकाला अडकलेले आहात, आणि ७० पर्यंत जाणारी टॅमरॉन तुमचीच.

हे दुसरं टोक लोक फार हलक्यात घेतात. ७० म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात १०५, ५० म्हणजे ७५. हॉलमध्ये अंतरपाट धरलेला असतो, भटजींच्या बाजूने घरची मंडळी दाटीने उभी, आणि तुम्हाला स्टेजवर चढायला जागा नसते. अशा वेळी मुंडावळ्यांमधून दिसणारे नवरीचे डोळे १०५ च्या नजरेतून मिळतात. ७५ वर तो फोटो नंतर क्रॉप करावा लागतो. घरगुती बारशात मात्र ५० च्या पुढे जायची गरजच क्वचित पडते.

दुसरा प्रश्न बॉडीचा. तुमच्या कॅमेऱ्याच्या आत स्टॅबिलायझेशन आहे का? सोनी ए६४०० आणि झेडव्ही-ई१० मध्ये नाही. ए६६०० आणि ए६७०० मध्ये आहे. फुजीच्या एक्स-एस१० आणि एक्स-टी५ मध्ये आहे, एक्स-टी३० मालिकेत नाही. कॅननच्या आर५० आणि आर१० मध्ये नाही, आर७ मध्ये आहे. बॉडीत नसेल आणि तुम्ही हातात धरून व्हिडिओ काढत असाल, तर टॅमरॉनचं व्हीसी हे तिच्या वजनाची पुरेपूर भरपाई आहे. झेडव्ही-ई१० चं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चित्राची कड कापतं, म्हणजे आधीच अपुरी असलेली रुंदी आणखी कमी होते.

एक गोष्ट मात्र पक्की समजून घ्या. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. हवेतल्या अक्षता, हार घालणारे हात, खांद्यावर नाचणारी पालखी यांना शटर स्पीडच लागतो. पालखीला मी १/२५० च्या खाली जात नाही. तिथे २.८ कामाला येतं, व्हीसी नाही. उलट समईच्या उजेडातलं देवघर, रांगोळी, रात्रीची दीपमाळ अशा स्थिर गोष्टींना १/१५ ला हातात धरून फोटो निघतो तो व्हीसीमुळे.

वजनाबद्दल थोडक्यात. सकाळी हळदीपासून रात्री वरातीपर्यंत कॅमेरा गळ्यात असेल तर २३५ ग्रॅमचा फरक संध्याकाळी मानेला कळतो. छोटी सिग्मा लावलेला कॅमेरा लोकांच्या डोळ्यांतही कमी भरतो, मुलं बुजत नाहीत. शिवाय ती रुंद बाजूला १२ सेंटिमीटरवर फोकस करते, त्यामुळे अंगठी, मेंदी आणि मंगळसूत्राच्या वाट्या यांसाठी वेगळी मॅक्रो काढावी लागत नाही. टॅमरॉन तिच्या रुंद बाजूला १९ वर करते, तेही वाईट नाही.

कोकणवाल्यांसाठी अजून एक मुद्दा. टॅमरॉनची बांधणी ओलाव्याला तोंड देईल अशी आहे, सिग्माला सील आहे ते फक्त माउंटपाशी, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या कडेशी. श्रावणातल्या भुरभुरीत आणि शिमग्याच्या गुलालात मी टॅमरॉनच काढते. पावसात उघडी धरावी अशी मात्र दोन्हींपैकी एकही नाही.

माझा निवाडा असा: बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि पैसे घेऊन कार्यक्रम करता, तर टॅमरॉन. बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, किंवा फोटो मुख्यतः घरचे, प्रवासाचे, लहान मुलांचे असतील, तर सिग्मा. फुजीवालेही या दोघींतूनच निवडू शकतात. कॅननच्या आरएफ माउंटच्या क्रॉप कॅमेऱ्यांसाठी सिग्मा १८-५० २०२४ साली आली. सिग्माने २०२५ मध्ये १७-४० एफ १.८ आणली आहे, ती उजेडाच्या बाबतीत दोघींच्या पुढे आहे, पण वजन टॅमरॉनइतकं, स्टॅबिलायझेशन नाही आणि ४० ला संपते. पहिली झूम म्हणून मी ती सुचवणार नाही.

फुल फ्रेमवर असाल तर हिशेब आणखी सरळ आहे. २४ पासून हवं असेल तर सिग्मा २४-७० आर्ट. तिची पहिली आवृत्ती ८३० ग्रॅमची, २०२४ ची दुसरी साधारण ७४० ची, दोन्हींना ८२ चा फिल्टर. २८ पासून चालत असेल तर टॅमरॉन २८-७५ जी२, ५४० ग्रॅम आणि ६७ चा फिल्टर. याहून हलकं हवं तर सिग्मा २८-७० कंटेम्पररी, ४७० ग्रॅम. बहुतेक फोटोग्राफरना टॅमरॉन जी२ पुरते.

दुकानात नाव नीट वाचा. सिग्माचं डीसी म्हणजे क्रॉप सेन्सर, डीजी म्हणजे फुल फ्रेम, डीएन म्हणजे मिररलेस, आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी. टॅमरॉनचं डीआय थ्री म्हणजे मिररलेस, पुढे ए असेल तर क्रॉप. सेकंडहँड बाजारात डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, जुन्या सिग्मा १७-५० आणि टॅमरॉन १७-५० भरपूर फिरतात. आकडे बघून फसू नका, त्या या कॅमेऱ्यांवर सरळ बसत नाहीत. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, तो लेन्सवरच्या नंबरशी जुळवा आणि भारतातली वॉरंटी आहे का ते विचारा.

आता नग तपासणं. इथे घाई करू नका. झूममध्ये काचा बऱ्याच असतात, एखादी किंचित तिरकी बसली की फोटोचा एकच कोपरा मऊ येतो. भिंतीचा फोटो काढून हे कळत नाही, कारण कॅमेरा भिंतीला जरासा तिरका असला तरी तसंच दिसतं. मी असं करते: लेन्सवर फिल्टर नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ २.८, दोन सेकंदांचा टायमर. रस्त्यापलीकडची एक पाटी निवडायची, बारीक अक्षरांची. ती मध्यभागी ठेवून फोकस करायचा आणि मॅन्युअलवर टाकून तो तिथेच बांधायचा. मग कॅमेरा वळवत तीच पाटी चारही कोपऱ्यांत आणायची, प्रत्येक वेळी एक फोटो. हेच रुंद टोकाला, ३५ ला आणि लांब टोकाला. मागच्या स्क्रीनवर पूर्ण झूम करून चारही कोपरे शेजारी ठेवा. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे, चालेल. तीन कोपऱ्यांत अक्षरं वाचता येतात आणि चौथ्यात ती विरघळलेली दिसतात, असं असेल तर एफ ५.६ ला पुन्हा काढा. तरीही विरघळलेलीच असतील तर दुसरा नग मागा. दुकानदार कितीही ओळखीचा असू दे, संकोच नको. नंतर त्यालाच दारापासून तुमच्याकडे चालत यायला सांगा, लांब टोकाला २.८ वर, कंटिन्युअस फोकस आणि आय डिटेक्शन लावून. डोळे सलग फोकसमध्ये राहिले पाहिजेत.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही कमी असो, ती लेन्स घरात आणू नका. आणि नव्या लेन्सला पहिल्या पावसाळ्याआधी घर करा: घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. लेदरच्या केसमध्ये बंद करून कपाटात ठेवू नका, लेदर ओल धरतं. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर तापवून पुन्हा निळं होतं, त्यासाठी एक जुनी कढई कायमची वेगळी काढा, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.