लॉगिन होतं, पण सेशन टिकत नाही? या चुका टाळा

पासवर्ड बरोबर, सर्व्हरच्या लॉगमध्ये एकही एरर नाही, डॅशबोर्डकडे रीडायरेक्टही झालं, आणि लगेच समोर पुन्हा लॉगिनचंच पान. सर्व्हर-साइड लॉगिन पहिल्यांदा लिहिणारे बरेच जण इथे अडकतात आणि पासवर्ड तपासणारा कोड पुन्हा पुन्हा चाळत बसतात. घोळ बहुतेक वेळा कुकीत असतो, म्हणजे सर्व्हर ब्राउझरला जपायला देतो त्या छोट्या नोंदीत; सर्व्हरवरचं तुमचं सेशन (लॉगिन झाल्याची आठवण) तिच्यावरूनच ओळखलं जातं.

ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्क टॅबमध्ये दोनच गोष्टी पाहा. लॉगिनच्या रिस्पॉन्समध्ये सेट-कुकी हेडर आला का? आणि पुढच्या रिक्वेस्टबरोबर ती कुकी परत गेली का?

हेडरच आला नसेल तर गडबड सर्व्हरकडे आहे. एक्सप्रेसमध्ये (नोडजेएसचं वेब फ्रेमवर्क) याचं एक ठरलेलं कारण असतं. अ‍ॅप एनजिनएक्सच्या, म्हणजे पुढे उभ्या असलेल्या प्रॉक्सी सर्व्हरच्या, मागे चालतं, एचटीटीपीएस एनजिनएक्सपाशीच संपतं, त्यामुळे अ‍ॅपला कनेक्शन साधं एचटीटीपी वाटतं आणि ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएसवरूनच जा) अशी खूण लावलेली कुकी ते पाठवतच नाही. ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ सेटिंग चालू करा आणि मूळ प्रोटोकॉल सांगणारा हेडर एनजिनएक्सकडून पुढे जातोय याची खात्री करा. ‘सिक्युअर’ काढून टाकलं की काम लगेच होतं, म्हणून तर तो मोह टाळायचा.

हेडर आला पण कुकी परत जात नसेल, तर फ्रंटएंड आणि एपीआय वेगवेगळ्या ओरिजिनवर (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणारा पत्ता) आहेत का ते बघा. तसं असेल तर फेचमध्ये (जावास्क्रिप्टचं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) ‘क्रेडेन्शियल्स’ची किंमत ‘इन्क्लूड’ द्यावी लागते. सर्व्हरनेही क्रेडेन्शियल्सना परवानगी द्यायची आणि ओरिजिनच्या जागी चांदणी (*) न टाकता नेमका पत्ता लिहायचा. दोन्ही अगदी वेगळ्या साइटवर असतील तर कुकीला ‘सेमसाइट नन’ (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबरही जा) लागतं, तेही ‘सिक्युअर’सोबतच. इतकं करूनही सफारी थर्ड-पार्टी (उघडलेल्या साइटपेक्षा वेगळ्या साइटची) कुकी अडवते. माझं मत विचाराल तर या फंदात पडूच नका. दोन्ही एकाच डोमेनखाली आणा.

दुसरं लक्षण जरा विचित्र असतं: पान रीफ्रेश केलं की कधी लॉगिन, कधी लॉगआउट. सेशन मेमरीत ठेवलेत आणि अ‍ॅपच्या दोन-तीन प्रोसेस चालू आहेत, असा याचा अर्थ. एका प्रोसेसला जे माहीत आहे ते दुसरीला माहीत नसतं. एक्सप्रेस-सेशनचं डीफॉल्ट मेमरी स्टोअर प्रॉडक्शनसाठी नाहीच, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. रेडिस (सगळ्या प्रोसेसना सामायिक असं वेगवान स्टोअर) किंवा डेटाबेस वापरा. प्रत्येक डिप्लॉयनंतर सगळेच बाहेर फेकले जात असतील, तर कुकीवर सही करणारी सीक्रेट की अ‍ॅप सुरू होताना दर वेळी नव्याने यादृच्छिक बनवली जातेय का तेही तपासा. पीएचपीत काही वेळ शांत बसलेला वापरकर्ता बाहेर पडतो, त्यामागे सेशन डेटाची 1440 सेकंदांची, म्हणजे 24 मिनिटांची, डीफॉल्ट मुदत असू शकते.

आता न दिसणाऱ्या चुका. यांत सगळं सुरळीत चालतं, म्हणूनच त्या वर्षानुवर्षं राहतात. सर्वांत मोठी म्हणजे लॉगिननंतर सेशन आयडी (कुकीतला, सेशन ओळखणारा क्रमांक) न बदलणं. हल्लेखोर आपल्याला माहीत असलेला आयडी आधीच दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये बसवतो. तो माणूस प्रामाणिकपणे लॉगिन करतो, आणि त्याच आयडीने हल्लेखोरही आत येतो. याला सेशन फिक्सेशन म्हणतात. जॅंगो या पायथन फ्रेमवर्कचं लॉगिन फंक्शन हा आयडी स्वतःच बदलतं. पीएचपी आणि एक्सप्रेसमध्ये नवा आयडी तुम्हालाच मागावा लागतो. अधिकार वाढतात त्या प्रत्येक ठिकाणी हेच करा.

फ्लास्क या पायथन फ्रेमवर्कचं डीफॉल्ट सेशन कुकीतच राहतं. त्यावर सही असते, पण मजकूर एन्क्रिप्ट केलेला नसतो; कुणीही वाचू शकतो. तिथे फक्त वापरकर्त्याचा आयडी ठेवा. कुकीला ‘एचटीटीपीओन्ली’ लावा, म्हणजे जावास्क्रिप्टला ती वाचता येणार नाही. सेमसाइट असलं तरी डेटा बदलणाऱ्या फॉर्मवर सीएसआरएफ टोकन असू द्या, म्हणजे दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावाने पाठवलेली बनावट रिक्वेस्ट ओळखणारं गुपित मूल्य.

पासवर्ड साठवताना त्याचा हॅश (उलट न फिरवता येणारं रूप) करायला एमडी5 किंवा नुसतं एसएचए-256 नको. ते फार वेगवान असल्याने अंदाज लावणाऱ्याचंच काम सोपं होतं. मुद्दाम संथ असलेलं आर्गॉन2आयडी किंवा बीक्रिप्ट घ्या. बीक्रिप्टच्या बहुतेक लायब्रऱ्या 72 बाइट्सपुढचं विचारात घेत नाहीत, आणि देवनागरीचं एक चिन्ह (अक्षर वेगळं, मात्रा वेगळी) यूटीएफ-8मध्ये 3 बाइट्स घेतं. म्हणजे देवनागरी पासफ्रेज 24 चिन्हांतच संपते!

शेवटी लॉगआउट. ब्राउझरमधली कुकी पुसून भागत नाही, सर्व्हरवरची नोंदही नष्ट व्हायला हवी. नाहीतर आधी कॉपी करून ठेवलेली कुकी नंतरही चालते. पासवर्ड बदलल्यावर त्या खात्याची बाकी सगळी सेशन्सही तशीच संपवा. आणि लॉगआउटनंतर बॅक बटण दाबलं की खातं ‘उघडं’ दिसत असेल तर घाबरू नका, आधी पान रीफ्रेश करून पाहा. लॉगिनकडे पाठवलं गेलात तर दिसलं ते कॅशमधलं जुनं पान होतं. खाजगी पानांना कॅश-कंट्रोलमध्ये ‘नो-स्टोअर’ द्या. रीफ्रेशनंतरही आतच असाल, तर नोंद नष्ट करणारा कोड चालतच नाहीये.