विमा कंपनीच्या ट्रेनिंगला चाललात? शंभर नावांची यादी भरण्याआधी हे वाचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं सध्या विमा कंपन्यांच्या सेल्सला लागतायत म्हणून लिहितोय. टर्म काय, एंडोमेंट काय, हे पॉलिसीचे प्रकार मी सांगत बसत नाही, ते पहिल्या आठवड्यात कळतंच. ऑनलाइन मॉड्यूल, पीपीटी, रोल प्ले, सगळं निघून जातं. एजंटांची आयसी-३८ परीक्षा पण मराठीत देता येते, ५० प्रश्न, पासिंग ३५ टक्के, तिचं टेन्शन घेऊ नका.

टेन्शन घ्यायचं ते यादीचं. क्लासरूम संपत आलं की एक कोरा तक्ता हातात देतात, नाव, नातं, मोबाईल, वय, अंदाजे उत्पन्न, शंभर नावं भरा, हे तुमचं नॅचरल मार्केट, म्हणजे ओळखीपाळखीतले ग्राहक. आपण उत्साहात मामा, काका, मावसभाऊ, कॉलेजचे मित्र, गावातला किराणावाला सगळे लिहून टाकतो. आणि कन्फर्मेशन, म्हणजे नोकरी पक्की होणं, पहिल्या काही महिन्यांच्या बिझनेसवर असतं, त्यामुळे मॅनेजर रोज सकाळी त्याच यादीवर बोट ठेवून विचारतो, आज कोणाकडे चाललास. मी पण असाच अडकलो. मामा सही करतो ती त्याला विमा पाहिजे म्हणून नाही, पोराची नोकरी टिकली पाहिजे म्हणून करतो. दुसऱ्या वर्षी तुमची नोकरी टिकलेली असते, मग त्याने हप्ता कशासाठी भरायचा?

आता आपल्याकडची खरी गोम सांगतो, ही ट्रेनिंगमध्ये कोणी सांगत नाही कारण शिकवणारे पुण्या-मुंबईचे, त्यांच्या डोक्यात महिन्याचा पगार असतो. आपली बॅच मे महिन्यात लागते, म्हणजे पॉलिस्या निघतात जून-जुलैत. पॉलिसी ज्या तारखेला सुरू झाली, वार्षिक हप्ता पुढच्या वर्षी त्याच तारखेला येतो, आणि जूनमध्ये शेतकऱ्याच्या खिशात काय असतं सांगा? पारोळ्याला एका काकांना मी हप्त्याची आठवण करायला गाठलं ते कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर. एका हातात कपाशीच्या बियाण्याची पाकिटं, दुसऱ्या हाताने दुकानदाराच्या उधारीच्या वहीत सही चाललेली. मला म्हणाले, "आते पैसा नहीत भाऊ, कापूस निंघू दे." बरोबरच होतं त्यांचं. पण वार्षिक हप्त्याला ग्रेस पिरियड, म्हणजे तारीख उलटल्यावरची सवलत, ३० दिवस, कापूस निघतो दिवाळीच्या मागेपुढे. पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद पडली.

लॅप्स झाली की दोघंही बुडतात. काकांचं विम्याचं कव्हर गेलं, पहिलं वर्षच भरलेलं त्यामुळे परत मिळणार तेही जेमतेम. आणि तुमचं तेरा महिन्यांचं पर्सिस्टन्सी पडतं, म्हणजे मागच्या वर्षीच्या पॉलिस्यांपैकी किती जिवंत आहेत ते. इन्सेंटिव्ह, प्रमोशन सगळं त्यावर. त्यामुळे कपाशीवाल्याला डिसेंबर-जानेवारीत विका, जूनमध्ये टार्गेट कितीही बोंबलू दे. जूनमध्ये शिक्षक, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, एमआयडीसीतले कामगार धरा, पगारदारांना मंथली पण चालते, फक्त मंथलीला ग्रेस १५ दिवसच हे सांगून ठेवा. रावेर-यावलकडे केळीची कटाई चालू असेल तेव्हा जा आणि पैसे व्यापाऱ्याकडून खरंच हातात आलेत का ते आधी विचारा. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस असेल, तर अखाजीला (अक्षय तृतीयेला) हिशोब होतो तेव्हाच बोला.

सिनिअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या टेबलावर ट्रॉफ्या आहेत त्याच्या मागे फिरू नका, ज्याचे जुने ग्राहक स्वतः फोन करतात त्याच्या गाडीवर मागे बसा. बहुतेक वेळा तो ब्रांचमधला कमी बोलणारा माणूस असतो. "पहिला हप्ता आपण कमिशनमधून भरून देऊ" असं जो शिकवेल त्याच्यापासून तर लांबच राहा, विमा कायद्याच्या कलम ४१ खाली तो गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत. आणि फॉर्ममध्ये "तंबाखू खाता का" ला डोळे झाकून "नाही" लिहायला लावणारा त्याहून वाईट. समोरचा माणूस तुमच्यापुढे चुना मळत बसलाय आणि तुम्ही "नाही" लिहिताय! कलम ४५ प्रमाणे पहिली ३ वर्षं कंपनी ही माहिती तपासून क्लेम नाकारू शकते, आणि मग त्याची बायको तुमच्याच दारात येऊन उभी राहणार.

घाबरवत नाहीये. पहिले तीन-चार महिने खरंच जीव खातात, रोजचा रिपोर्ट, उन्हातली गाडी, फोन न उचलणारे नातेवाईक. पण खेड्यात एक क्लेम नीट आणि वेळेत मिळवून दिला की आजूबाजूच्या चार घरातून बोलावणं येतं, हे मी बघितलंय. यादीत नातेवाईक लिहायचेच तर लिहा, फक्त त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी जा, आणि जॉइनिंग लेटरवर सही करण्याआधी एचआरला दोन गोष्टी लेखी विचारा, कन्फर्मेशनचं टार्गेट नक्की किती आणि पेट्रोलचे पैसे पगारात धरलेत की वेगळे.