माकडे मोजायला निघण्यापूर्वी

दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यातील खोतीगावच्या रानात माकडांची मोजणी करायची असेल, तर वनखात्याची लेखी परवानगी आणि वाटा ठाऊक असलेला गावचा सोबती या दोन गोष्टी बऱ्याच आधी नक्की कराव्यात. बाकीचे सामान आदल्या रात्री भरले तरी चालते. अभयारण्य सुमारे ८६ चौरस किलोमीटरचे आहे. एवढे रान चार माणसांनी दोन दिवसांत पिंजून होत नाही, म्हणून दीड-दोन किलोमीटरच्या ठरावीक वाटा नकाशावर आखून घ्याव्यात आणि त्या पहाटे, तासाला जेमतेम एक किलोमीटर अशा चालीने चालाव्यात.

भाषेचा घोळही आधीच मिटवावा. काणकोणकडचा सोबती ‘खेतीं’ म्हणतो ती माकडे, म्हणजे डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस असलेली. काळ्या तोंडाची, करड्या अंगाची, लांब शेपटीची ती वानरे. दोघांची नोंद एका रकान्यात गेली, तर तो दिवस फुकट गेला असे समजावे.

दुर्बीण आठ पटींची पुरे. त्याहून मोठी हातात थरथरते. लिहिण्यास पेन्सिलच घ्यावी, कारण माझा पहिला तक्ता शाईने लिहिलेला होता आणि सकाळच्या दवाने त्यातला नर-मादीचा भेद पुसून टाकला. तक्त्यात वेळ, जागा, नर, माद्या, अर्धवट वाढलेली आणि अंगावरची पिल्ले यांच्या जोडीला ‘न ओळखलेली’ असा रकाना हवाच. तो रिकामा ठेवून आलेल्या माणसाच्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

फांद्यांत विखुरलेला कळप मोजण्याच्या फंदात पडू नये. तो वाट किंवा ओहोळ ओलांडेपर्यंत थांबावे, कारण तिथे जनावरे एकामागून एक उडी घेतात आणि आईच्या पोटाला चिकटलेले काळसर पिल्लू, जे पाठमोऱ्या मादीवर कधीच दिसत नाही, ते उडीच्या क्षणी खालून स्पष्ट दिसते. शेवटची उडी पडल्यावरही पाचेक मिनिटे हलू नये. मागे रेंगाळणारा एखादा नर असतोच. दोघांनी एकमेकांना न विचारता मोजावे आणि आकडे जुळले नाहीत तर दोन्ही लिहावेत, सरासरी काढू नये.

पानगळीनंतर दिसते चांगले, पण गोचिडांचा हंगामही तोच. गोव्यात, विशेषतः सत्तरी तालुक्यात, २०१५ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण आढळले आहेत. त्यामुळे विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, गोचीडरोधक तेल लावावे, पाचोळ्यात बसू नये आणि परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे लगेच धुवावेत. मेलेले माकड दिसले तर त्याच्या जवळही जाऊ नये, कारण त्याच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपास पसरलेल्या असतात. जागा टिपून वनरक्षकाला कळवावे. गोचिडीने चावा घेतल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो. तो आलाच, तर आपण कोणत्या रानात कधी होतो हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे. तारीख तक्त्यावर पेन्सिलीने लिहिलेली असेलच.