सीएनसीच्या रोटरीवर लाकडी तांबट

सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणारं मशीन, आणि रोटरी म्हणजे त्यावर लाकूड फिरवणारी जोडणी. तिच्यावर पहिला पक्षी कोरायचा तर तांबट घ्या. नाथसागरावर रोहित बघून आलेले पाहुणे आमच्या पैठणच्या दुकानात हमखास रोहितच मागतात, पण एवढी लांब मान आणि एवढे बारीक पाय रोटरीवर टिकत नाहीत. तांबट बरा. गोळीबंद अंग, आखूड मान, जाड चोच, बुटकी शेपटी. खरा तांबट सतरा-एक सेंटिमीटर भरतो. आपण 130 मिलिमीटरचा करू.

पंख मिटलेलेच ठेवायचे. रोटरीवर ठोकळा चकमध्ये, म्हणजे फिरत्या जबड्यात, आडवा धरलेला असतो, निखाऱ्यावर कणीस फिरवावं तसा तो फिरतो, आणि बिट, म्हणजे कापणारं पातं, वरून कायम मधल्या अक्षाकडेच उतरतं. बिटाला वरून जे दिसतं तेवढंच कोरून निघतं. उघड्या पंखाखालची पोकळी त्याला दिसतच नाही, तिथं लाकूड भरीव राहतं. इंटरनेटवरून आयतं मॉडेल उतरवणार असाल तर आधी हे तपासा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

मी वाळूजला व्हीएमसी, म्हणजे कारखान्यातलं उभं सीएनसी मशीन, चालवायचो, लोखंडावर. ते ज्ञान इथं निम्मंच कामाला येतं, कारण लाकडाला रेषे असतात. ठोकळा असा कापून घ्या की रेषे चोचीपासून शेपटीपर्यंत सरळ जातील. आडवे गेले तर चोच पहिल्या धक्क्याला तुटते. शिवण मिळाली तर दुसरं काही बघू नका. हलकी, फिकट, सुरेख कापली जाते. सागवान चालतं, पण त्यातली सिलिका बिटाची धार खाते. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान वखारीत कधीकधी मिळतं. ते मुरलेलं असतं म्हणून चांगलं, फक्त आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. आंब्याचे रेषे फिरलेले, त्यामुळं पृष्ठभाग केसाळ निघतो. बाभळीचा नाद सोडा, ती औतालाच शोभते.

ठोकळा 50 बाय 50, लांबी 180. दोन्ही टोकांना 25-25 मिलिमीटर दांड्यासाठी, म्हणजे पकडायला, सोडा. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे अक्षापासून 35 मिलिमीटरपर्यंत पोचतात, म्हणून रंध्यानं चारही कोपरे मारून अष्टकोन करा. मशीनचा वेळ वाचतो आणि छोट्या मशीनवर झेडची, म्हणजे बिट वर-खाली होण्याची, उंचीही पुरते. शेपटी चककडे, चोच टेलस्टॉककडे, म्हणजे समोरून टोक टेकवणाऱ्या आधाराकडे. टेलस्टॉक नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. जास्त दाबलात तर पक्षी बारीक झाल्यावर मानेत वाकतो.

छोट्या मशीनचा कंट्रोलर बहुधा तीन अक्षांचा (एक्स, वाय, झेड) असतो, तेव्हा वायच्या मोटरची वायर काढून रोटरीला जोडतात. ही वायर मशीन चालू असताना कधीच काढू नका, ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, जळतो. वायची मोटर सुटली की बेड हातानंसुद्धा सरकतो, म्हणून तो क्लॅम्पनं पक्का करा. आता हिशोब. मोटर एका फेऱ्यात 200 स्टेप घेते. मायक्रोस्टेप, म्हणजे एका स्टेपचे तुकडे, 16 असतील तर 3200. रोटरीचं गुणोत्तर 6 ला 1 असेल तर 19200. त्याला 360 नं भागलं की एका अंशाला 53.333 स्टेप. जीआरबीएलमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये, हा आकडा डॉलर 101 ($101) या वायच्या स्टेपच्या सेटिंगमध्ये टाकायचा. जुना आकडा आधी वहीत उतरवून ठेवा, सपाट कामाला परत लागतो. चकवर पेन्सिलीनं खूण करून 360 अंश फिरवायला सांगा. खूण जिथल्या तिथं आली पाहिजे.

झीरो, म्हणजे मोजणीची सुरुवात, मात्र निवांत घ्या. आमचे अण्णा जन्मभर पटाशी चालवलेले, मशीनशेजारी उभे राहून विचारतात, “कामून एवढी घाई?” त्यांचं म्हणणं इथं सोळा आणे खरं आहे. सपाट कामात झेडचा झीरो लाकडाच्या पाठीवर घेतो. इथं तो फिरण्याच्या अक्षावर असतो, म्हणजे लाकडाच्या पोटात. तिथं बिट टेकवता येत नाही. मग काय करायचं? चकमध्ये 20 मिलिमीटरचा गोल स्टीलचा रॉड धरा, त्याच्या माथ्यावर बिट कागदापुरतं टेकवा आणि झेड 10 टाका. बेड क्लॅम्प करतानाच टोकदार बिट टेलस्टॉकच्या सेंटरच्या टोकासमोर आणून आडवं जुळवून घ्या. नंतर एक परीक्षा. टाकाऊ ठोकळ्यावर झेड 15 ला सपाट पट्टी मारा, 180 अंश फिरवून तशीच दुसरी मारा आणि व्हर्नियरनं जाडी मोजा. 30 आली पाहिजे. 30.4 आली तर झीरो 0.2 वर आहे, तेवढा खाली घ्या. ही परीक्षा टाळली तर पक्षी चहूबाजूंनी तेवढा जाड किंवा बारीक निघतो.

टूलपाथसाठी, म्हणजे बिटाचा रस्ता आखायला, मी डेस्कप्रोटो या सॉफ्टवेअरची मल्टी-ॲक्सिस आवृत्ती वापरतो; मॉडेलची डागडुजी ब्लेंडरमध्ये, ते फुकट आहे. रफिंगला, म्हणजे ढोबळ कापायला, 3.175 मिलिमीटरचं सरळ एंडमिल (सपाट टोकाचं बिट), एका वेळी 2 मिलिमीटर खोल, अंगावर अर्धा मिलिमीटर शिल्लक. फिनिशिंगला 3 मिलिमीटरचं बॉलनोज (गोल टोकाचं बिट).

फिनिशिंगची दिशा फार कमी लोक लक्षात घेतात. लाकूड गोल गोल फिरवत कापलं तर फीड, म्हणजे कापत पुढं सरकण्याचा वेग, अंशांत जातो. 1200 अंश प्रतिमिनिट म्हणजे 25 मिलिमीटर त्रिज्येच्या पोटावर साधारण 520 मिलिमीटरचा वेग, आणि चोचीजवळ 5 मिलिमीटर त्रिज्येवर जेमतेम 105. तिथं बिट कापत नाही, घासतं, आणि लाकूड काळं पडतं. म्हणून फिनिशिंग लांबीच्या दिशेनं करा, रेषांबरोबर. एक ओळ संपली की 0.7 अंश फिरायचं. एका वेढ्यात 514 ओळी, 1200 मिलिमीटरच्या फीडनं तासभर. शक्य असेल तर पोटापासून चोचीकडे एक आणि पोटापासून शेपटीकडे एक असे दोन भाग करा. जाडीकडून बारीककडे जाताना रेषे उचकटत नाहीत. अण्णा पटाशीही तशीच चालवतात.

तासाभराच्या कामात आमच्याकडं लाइट जाणार हे धरूनच चाला. ती सांगून जात नाही. नुसता कंट्रोलर इन्व्हर्टरवर ठेवलात तर स्पिंडल, म्हणजे बिट गरगर फिरवणारी मोटर, बंद पडतं, अक्षांच्या मोटरी चालूच राहतात आणि बिट लाकडात घुसून मोडतं. एक तर दोन्ही इन्व्हर्टरवर, नाहीतर दोन्ही नाही. चक आणि बॉडीवर शून्य अंशाची बारीक खूण केलेली असली की लाइट आल्यावर कोन परत जुळवता येतो. रफिंग आणि फिनिशिंगचे प्रोग्राम वेगवेगळे ठेवा.

पक्षी सोडवण्याआधी पायांची भोकं पाडून घ्या. पाठ शून्य अंशावर असेल तर पोट 180 वर येतं. 165 आणि 195 अंशांवर 2 मिलिमीटरचं ड्रिल 12 मिलिमीटर खोल घाला, पाय आपोआप थोडे फाकतात. पायांना मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली 14 गेजची तांब्याची तार. ती 2 मिलिमीटरच असते. वरचं वार्निश खरवडा म्हणजे गोंद धरतो.

चोच मशीनवर टोकदार करायची नाही. टोकाला 5 मिलिमीटर जाडी ठेवा, दांडा बारीक करवतीनं कापा आणि उरलेलं चाकूनं उतरवा. टोकावर फेविक्विकचा एक थेंब जिरू द्या, चोच टणक होते. डोळ्याची खाचही हातानंच मारा. 180 नंबरचा पॉलिश पेपर, मग 320. घासताना नाकाला मास्क, सागाचा भुसा घशाला फार लागतो.

तांबटाला सगळा हिरवा रंगवण्याची गरज नाही. कपाळावर लाल ठिपका, गळा पिवळा, छातीवर लाल पट्टा, बास. गावाकडचा माणूस लगेच ओळखतो. रंग पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्या. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून भुशात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपसूक पेट घेऊ शकतो. चिंध्या दोरीवर मोकळ्या पसरा, कडक वाळल्या की मगच टाका.